अरे म्हणणारा फौजदार

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे किल्ल्या म्हणतात. हे नाव एकवचनी आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो. शाळेत असताना त्याने आईच्या केसांतल्या आकड्याने मुख्याध्यापकांचं कपाट उघडलं होतं आणि आत घेण्यासारखं काही नाही म्हणून पुन्हा नीट बंद करून ठेवलं होतं. मार बसला तो उघडल्याबद्दल नाही. "आकड्याने बंद कसं केलंस ते दाखव," असं मुख्याध्यापक म्हणाले आणि याने दाखवलं नाही, म्हणून बसला. पुढे त्याने कुलपं-किल्ल्यांचं दुकान टाकलं. दुकान कसलं, दोन इमारतींमधली फटच ती. एक गिऱ्हाईक आत शिरलं की दुसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं.

मी त्याच्या अगदी उलट. माझं आयुष्य ग्रंथालयात गेलं. पुस्तकांवर क्रमांक टाकायचे आणि कुणी बोललं की चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचं, एवढंच काम. त्यामुळे माझा आवाज समोरच्या टेबलापलीकडे कधी गेला नाही. शिवाय कुठलीही गोष्ट छातीठोकपणे सांगणं मला जमत नाही. 'म्हणजे' आणि 'नक्की माहीत नाही, पण' हे माझ्या बोलण्याचे दोन कठडे. ते धरल्याशिवाय मी पायरी उतरत नाही. माझी बायको म्हणते, "ह्यांना 'आग लागली' असं ओरडायला सांगा. म्हणतील, म्हणजे, नक्की माहीत नाही, पण धुरासारखं काहीतरी वाटतंय."

किल्ल्याला तिशीत आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टर, गोळ्या, बरी वर्षं, वाईट महिने असं चालत आलं. लग्न त्याने केलं नाही. तो आमच्याकडेच राहतो. त्या आजारावरचं हाताला लागेल ते पुस्तक मी वाचलं. मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांतले आवाज शिव्या देणारे, धमकावणारे, हिणवणारे होते. किल्ल्याचेही तसेच असणार, असं आम्ही धरून चाललो. डॉक्टर विचारायचे, "आवाज येतात का? किती वेळा? काय करायला सांगतात?" तो जेवढ्यास तेवढं बोलायचा. ते त्याच्याशी कसे बोलतात, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

एका वाईट महिन्यात त्याने आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांची कुलपं बदलली. चोरायचं काहीच नव्हतं. उलट, सगळ्यांचं रक्षण करायचं होतं. संध्याकाळी माणसं कामावरून परतली आणि कुणालाच स्वतःच्या घरात शिरता येईना. समोरच्या बाईंनी पोलिसांना फोन केला.

पोलिसांचा जथाच आला आणि सगळ्यांच्या पुढे फौजदार. या फौजदारांना आमचा सगळा भाग 'तोफ' म्हणायचा. त्यांनी कोपऱ्यावरून कुणाला हाक मारली की चौकातल्या गाड्या थांबत.

"ए! खाली बस!" तोफ कडाडली.

मागून एक शिपाई ओरडला, "हात वर कर!" दुसरा म्हणाला, "हातातलं टाक!" आणि तिसरा, "हलू नकोस, ए!"

किल्ल्याने सगळ्यांचंच ऐकायचा प्रयत्न केला. तो बसायला लागला, त्याने हात वर केले, हातातलं टाकणार तेवढ्यात 'हलू नकोस' आलं. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच वर राहिला. मग झटापट झाली. स्क्रूड्रायव्हर एका शिपायाच्या दंडाला लागला आणि तोफेने पिळलेलं किल्ल्याचं मनगट मोडलं. पोलिसांवर हत्याराने हल्ला, असा गुन्हा दाखल झाला.

तो हिवाळा त्याने तुरुंगात काढला. गोळ्या कधी मिळत, कधी नाही. मी भेटायला गेलो की जाळीपलीकडून एकच गोष्ट सांगायचा.

"दादा, इथली दारं अर्धीच आहेत रे."

"म्हणजे?"

"आतून कडीच नाही."

दुसरा एखादा तुरुंगातल्या भिंतींबद्दल बोलला असता. हा कुलूपवाला.

मग दोन गोष्टी बदलल्या. ठाण्यावर नव्या इन्स्पेक्टरबाई आल्या आणि न्यायालयात आजारी माणसांचे खटले वेगळे ऐकायला सुरुवात झाली. न्यायाधीशांनी किल्ल्याला घरी पाठवलं, पण एका अटीवर. वर्षभर उपचार घ्यायचे. या वर्षात त्याच्यावर पुन्हा बळ वापरायची पाळी पोलिसांवर आली नाही, तर खटला संपला. आली, तर तो पुन्हा तुरुंगात. माझी बायको म्हणाली, "म्हणजे आता वर्षभर काचेचं भांडं डोक्यावर घेऊन चालायचं." तेव्हा तिने उचललेला 'म्हणजे' माझाच होता, पण मी काही बोललो नाही.

इन्स्पेक्टरबाईंनी ठाण्यात पोलिसांसाठी वर्ग सुरू केला. आजारी माणसांच्या घरच्यांनी येऊन बोलायचं आणि पोलिसांनी ऐकायचं. मलाही बोलावलं. मी नाही म्हणणार होतो, पण नाही म्हणायलाही आवाज लागतो. ठाण्याच्या मागच्या खोलीत बाकांवर खाकी गर्दी होती. मी चष्मा पुसला, खोकलो, पुन्हा चष्मा पुसला.

"म्हणजे... नक्की माहीत नाही, पण मला वाटतं, तुम्ही त्याला सगळ्यांनी मिळून अरे-तुरे केलं. एकानेच, अहो म्हणून विचारलं असतं, तर कदाचित..."

"मोठ्याने!" मागून कुणीतरी म्हणालं.

"हेच मोठ्याने आहे," मी म्हणालो. वर्ग हसला. मी खाली बसलो. माझं भाषण तेवढंच.

पण इन्स्पेक्टरबाईंनी त्यातून दोन नियम काढले. प्रसंगाच्या जागी एकानेच बोलायचं. आणि प्रत्येकाला 'आपण' म्हणायचं.

"प्रत्येकाला?" तोफेने विचारलं. "बाईसाहेब, मी पळत्या चोराला म्हणू, की आपण जरा थांबता का?"

"म्हणा. थांबला नाही तर पळा."

"अहो, मी साहेबांच्या कुत्र्यालाही आजवर अरे म्हणत आलोय!"

"कुत्र्याची तक्रार नाही, फौजदार. माणसांची आहे."

वर्ग सुटल्यावर तोफ माझ्यापाशी आली. एवढा मोठा माणूस, पण टोपी हातात फिरवत होता. "तुमच्या भावाचं मनगट कसंय?" शक्य तेवढ्या हळू आवाजात त्यांनी विचारलं. तरी शेजारच्या खोलीतला टंकलेखक थांबला.

"थंडीत दुखतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ते गेले. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "मोडायचं आपण आणि विचारायचंही आपण!" पण थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "विचारलं तर खरं."

तोफेने 'आपण' फार मनावर घेतलं. घरी जेवताना 'आपण मीठ द्यावं' म्हणाले, तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, असं त्यांनीच पुढे मला सांगितलं. किल्ल्याच्या दुकानावरून जाताना थांबायचे, टाच जुळवायचे आणि म्हणायचे, "नमस्कार. आपण कसे आहात?" आणि दरवेळी किल्ल्या हातातलं काम टाकून दुकानाच्या आत, फटीच्या पार टोकाला जाऊन बसायचा. मनगट मोडलेल्या माणसाला मोडणाऱ्याची भीती वाटणारच, असं आम्हाला वाटलं. तोफेला वाईट वाटायचं. पुढच्या वेळी ते आणखी अदबीने बोलायचे.

वर्ष सरत आलं. शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी औषधाच्या दुकानदाराने त्याच गोळ्या दुसऱ्या कंपनीच्या दिल्या. पांढऱ्या होत्या, त्या पिवळ्या आल्या. किल्ल्याने त्या जिभेखाली धरून खिडकीतल्या कुंडीत पुरल्या. आम्हाला पत्ता लागला नाही. एवढंच दिसलं, की तो दारं फार हळू लावायला लागलाय. मला शंका आली. पण शंका मला रोजच येतात.

तारखेच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं न्यायालयात गेलो. फाटकावर पहारेकऱ्याने किल्ल्याचे खिसे तपासले आणि त्याचा बारीक चिमटा आणि बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या लांब ओसरीत बाकं होती. इन्स्पेक्टरबाई आधीच आल्या होत्या; वर्ष नीट गेलं, हे त्यांनाच सांगायचं होतं. तोफही होती, त्या खटल्यातली फिर्यादी म्हणून. बायकोने थर्मासमधला चहा पेल्यात ओतून किल्ल्याच्या हातात दिला. "घे रे. आज संध्याकाळी सुटलास, की मी पण सुटले."

तेव्हा छतातून आवाज आला.

पूर्वी इथे पट्टेवाला दारात येऊन नावं ओरडायचा. सुधारणा झाल्या, त्यात हेही सुधारलं होतं. आता नाव फलकावर दिसायचं, ओसरीभर कर्णे लावले होते आणि त्यांतून एक मऊ, स्वच्छ, कुणाचाच नसलेला आवाज म्हणत होता, "आपले प्रकरण सुनावणीसाठी आले आहे. आपण कृपया आत यावे."

किल्ल्याच्या हातातला पेला कलला. पेला बाकावर ठेवून तो उठला. न्यायकक्षाकडे न जाता तो उलट्या बाजूला वळला, साक्षीदारांच्या रिकाम्या खोलीत शिरला आणि त्याने दार लावलं. आत खुडखुड झाली. बाकावर पडलेली कागदाची टाचणी त्याने कधी उचलली होती कोण जाणे. तिने त्याने आतून कुलूप फिरवलं आणि टाचणी आत मोडली. ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की दार उघडत नाही आणि त्या खोलीला रस्त्याच्या बाजूने खिडकी आहे.

फाटकावरचा पहारेकरी धावत वर आला. "बाजूला व्हा, दार फोडतो!"

मी त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिलो. उभं राहणं एवढंच मला येतं. दार फुटलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. चार जण, आरडाओरडा, मनगट, तुरुंग. किंवा त्याआधीच खिडकी. इन्स्पेक्टरबाई पुढे आल्या.

"कुणी फोडणार नाही. एकच जण बोलेल. फौजदार, तुम्ही."

तोफ दारापाशी गेली. वर्षभराचा सराव पणाला लावून, मधाळ, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "नमस्कार. आपण घाबरू नये. आपण सुरक्षित आहात. आपण कृपया दार उघडावे."

आतून खिडकीचा खटका सरकल्याचा आवाज आला.

"आता बाहेरूनसुद्धा?" किल्ल्या आतून म्हणाला. आवाज रडवेला होता. "डोक्यात होतात तेवढं पुरे नव्हतं? आपण उठावे, आपण आत यावे, आपण खिडकी उघडावी! उघडली की! आता काय, आपण बाहेर पाऊल टाकावे?"

"आपण कृपया..." तोफेने पुन्हा सुरुवात केली.

मी त्यांची बाही ओढली. आयुष्यात पहिल्यांदा मी पोलिसाला हात लावला.

"म्हणजे... फौजदार, नका. आपण म्हणू नका."

"का? नियम आहे!"

"ते तसंच बोलतात. त्याच्या डोक्यातले. नक्की माहीत नाही, पण... ते शिव्या देत नाहीत. ते आपण-आपण करतात. छतातला तो तसाच बोलला. तुम्हीही तसेच बोलताय. वर्षभर दुकानासमोर तुम्ही..."

एवढ्यात कर्ण्यातून पुन्हा आलं, "आपण कृपया आत यावे," आणि आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"तो भोंगा बंद करा आधी!" इन्स्पेक्टरबाई ओरडल्या. एक शिपाई धावला. कर्णा अर्ध्या शब्दात गप्प झाला.

"तुम्ही बोला," त्या मला म्हणाल्या.

मी दाराला तोंड लावलं. "अरे किल्ल्या..." माझा आवाज त्या जाड लाकडाच्या अलीकडेच संपला. पुन्हा प्रयत्न केला. खोकला आला. बायको म्हणाली, "अहो, जरा घशातून!" पण घशात असेल तर येणार ना. माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी होती आणि मला माझ्याच भावाला हाक मारता येत नव्हती.

तेव्हा तोफ माझ्याशेजारी खाली वाकली. कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"तुम्ही सांगा. मी बोलतो."

"काय बोलू?"

"मला काय विचारता? घरी बोलता तसं. मी अक्षरही बदलणार नाही."

मी त्यांच्या कानात पुटपुटलो. आणि तोफ सुटली.

"अरे किल्ल्या!" ओसरीतले सगळे दचकले. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून काहीतरी पडलं. "अरे, म्हणजे... मी आहे रे! चहा तसाच राहिलाय! म्हणजे, नक्की माहीत नाही, पण गार झाला असावा!"

आतली खुडखुड थांबली.

बायको पुढे सरकली. "सांगा त्याला, गार झाला तर दुसरा मिळायचा नाही."

"सांगा त्याला, गार झाला तर दुसरा मिळायचा नाही!" तोफेने अक्षरही बदललं नाही.

आतून आलं, "दादा?"

मी कानात म्हणालो, "हो, म्हणजे, मीच."

"हो, म्हणजे, मीच!"

"तुझा आवाज असा का झालाय? घशाला काय झालं?"

"शब्द माझे आहेत, गळा फौजदारांचा," मी कुजबुजलो.

"शब्द माझे आहेत, गळा फौजदारांचा!" तोफ गरजली आणि स्वतःच्या वतीने, जरा लाजून, खाली आवाजात पुढे म्हणाली, "आहे असा आहे बाबा. आता काय करू?"

आतून हसल्यासारखं काहीतरी आलं. खरं सांगायचं तर हुंदका असेल. पण मी ते हसू धरलं.

"दादा, तूच आहेस कशावरून?" किल्ल्या म्हणाला. "त्यांनाही आवाज बदलता येतो."

पुरावा देणं हे माझ्या आवाक्यातलं काम नव्हे. मी फौजदारांच्या कानात म्हणालो ते उत्तर नव्हतंच, माझं नेहमीचं अडखळणं होतं. पण त्यांनी अक्षरही न बदलायचं वचन दिलं होतं.

"म्हणजे... आता... हे कसं सांगू... मला तरी वाटतं मीच आहे... पण मला नक्की माहीत नाही रे!"

आत किल्ल्या मोठ्याने, मोकळा हसला.

"तूच आहेस! ते कधीच असं म्हणत नाहीत! त्यांना सगळं नक्की माहीत असतं!"

खिडकी लावल्याचा आवाज आला. बायको बाकावर बसली आणि तिने तो गार चहा स्वतःच पिऊन टाकला.

"थांब, उघडतो," किल्ल्या आतून म्हणाला. मग बराच वेळ खाटखूट. "टाचणी आत मोडलीय. माझा चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर द्या. दाराखालून सरकवा."

पहारेकरी दोन पावलं मागे झाला. "बाईसाहेब, आरोपीला हत्यार द्यायचं? ह्याच स्क्रूड्रायव्हरवरून खटला आहे!"

सगळे इन्स्पेक्टरबाईंकडे बघायला लागले. त्यांनी तोफेकडे पाहिलं. तोफेने पहारेकऱ्याच्या हातातून दोन्ही वस्तू घेतल्या, गुडघे टेकून फरशीवर बसली आणि दाराखालच्या फटीतून आधी चिमटा, मग स्क्रूड्रायव्हर, मूठ त्याच्याकडे करून, आत सरकवला.

"घे रे," ते म्हणाले. हे मी सांगितलेलं नव्हतं.

आम्ही वाट पाहत राहिलो. न्यायकक्षातून वकील, कारकून, इतर तारखांची माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. कुलपाच्या पोटात बारीक करकर चालली होती आणि ती ऐकून मला कळत होतं, की आत आता आजारी माणूस नाही, कारागीर आहे. शेवटी टक् असा गोल, समाधानी आवाज आला. दार उघडलं. किल्ल्याने मोडकी टाचणी तळहातावर ठेवून पुढे धरली आणि स्क्रूड्रायव्हर, मूठ समोर करून, तोफेला परत दिला.

ओसरीत कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. न्यायालयात टाळ्या वाजवू नयेत हे मला माहीत आहे. मीही वाजवल्या.

गर्दी दुभंगली आणि न्यायाधीश स्वतः बाहेर आले. तोफेच्या आवाजात सगळं झालेलं असल्यामुळे त्यांना नव्याने काही सांगावं लागलं नाही. सरकारी वकील पुढे होऊन म्हणाले, "महोदय, न्यायालयाची खोली आतून बंद केली, कुलूप बिघडवलं. वर्षाची अट..."

न्यायाधीशांनी त्यांना हाताने थांबवलं आणि किल्ल्याकडे वळले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, थांबले, आणि मग म्हणाले, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

"आपण सोडून काहीही," किल्ल्या म्हणाला.

"किल्ल्या चालेल?"

"तेच नाव आहे."

"किल्ल्या, हे कुलूप तू बिघडवलंस?"

"अर्धं मी. अर्धं आधीच बिघडलेलं होतं. आतली पट्टी झिजली होती, कुणीतरी त्यात कधीच अडकून बसलं असतं. आता दोन्ही दुरुस्त केलंय."

न्यायाधीशांनी स्वतः दार लावून-उघडून पाहिलं. दोनदा. मग इन्स्पेक्टरबाईंना विचारलं, "बळ वापरावं लागलं?"

"आवाजाचंच, महोदय," त्या म्हणाल्या. "आणि तेही उसने शब्द घेऊन."

"फिर्यादीचं काय म्हणणं?"

तोफ ताठ उभी राहिली. "फिर्यादीचं म्हणणं असं, की मागच्या वेळी ह्याने सगळ्यांचं ऐकलं होतं, म्हणून हात वर राहिला. ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. मनगट मी मोडलं. मला ते लिहून द्यायचंय."

खटला त्याच दुपारी संपला. न्यायाधीशांनी आणखी एक हुकूम दिला: त्या न्यायकक्षाबाहेर कर्ण्यातून कुणाला बोलवायचं नाही, माणसाने जाऊन, जवळ उभं राहून बोलवायचं. पट्टेवाल्याला त्याचं जुनं काम परत मिळालं. तो आजकाल काय म्हणून हाक मारू ते आधी विचारतो, मग ओरडतो.

किल्ल्या न्यायालयातून थेट डॉक्टरांकडे गेला. कुंडीतल्या गोळ्यांची गोष्ट तिथेच कळली. पांढऱ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण दूर गेले. कधी जवळ आले तर तो त्यांना माझा कठडा पुढे करतो. "नक्की का?" म्हणून विचारतो. म्हणतो, याला त्यांच्याकडे उत्तर नसतं, थोडा वेळ गप्प बसतात. डॉक्टरांनी हे लिहून घेतलं आणि आता सगळ्या रुग्णांना विचारतात: ते तुमच्याशी बोलतात कसे?

इन्स्पेक्टरबाईंच्या वर्गात 'आपण'चा नियम खोडला गेला. त्याजागी एक प्रश्न आला. असा फोन आला की फोन घेणारा शिपाई पत्त्यानंतर लगेच विचारतो, "घरी त्यांना काय म्हणतात?" शेजारच्या दोन शहरांतले पोलीस हे शिकायला आमच्या ठाण्यावर आले. त्यांच्यासमोर मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी तोफेला शेजारी उभं केलं. मी कानात सांगितलं, ते बोलले. मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. 'म्हणजे'सकट.

गेल्या महिन्यात ठाण्यात एक नवी खोली झाली. कुणी बिथरलेला माणूस आणला, तर त्याला कोठडीत न टाकता तिथे बसवायचं. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीला फिकट रंग. दाराचं काम इन्स्पेक्टरबाईंनी किल्ल्याला दिलं. आम्ही दोघं तिथे गेलो होतो, मी नुसता बसायला. त्याने दाराला आतून कडी लावली, पितळी, बोटाला गार लागणारी. बाहेरून ती गरजेला उघडता येते, पण त्या दाराला बाहेरून बंद करायची सोयच त्याने ठेवली नाही.

"हे बघ," तो मला म्हणाला, "हे पूर्ण दार."

मग त्याने मला आत घेतलं, दार लोटलं आणि कडी घातली. आम्ही दोघं पलंगावर बसलो. थोड्या वेळाने बाहेर जड बूट वाजले, थांबले, आणि दारावर एका बोटाने हळूच टकटक झाली. बाहेरच्या आवाजाची ती हळुवार गर्जना ओळखायला चेहरा बघायची गरज नव्हती.

"अरे किल्ल्या, येऊ का आत?"

किल्ल्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणणार होतो. त्याने हाताने गप्प केलं.

"थांब जरा," तो म्हणाला.

"बरं," तोफ म्हणाली.

आणि बाहेर, स्वतःच्याच ठाण्यात, फौजदार थांबले. बूट या पायावरून त्या पायावर होत राहिले, पण दाराला हात लागला नाही. किल्ल्याने स्क्रूड्रायव्हर पुसला, चिमटा पुसला, दोन्ही पिशवीत ठेवली, पिशवीची नाडी बांधली. घाई कसलीच नव्हती. मग तो उठला, कडीवर बोट ठेवलं आणि ती सरकवली.

"ये," तो म्हणाला.